‘चढत्या क्रमाने मांडा’ हा प्रश्न दर वेळी चुकतो तेव्हा

मूलद्रव्यांच्या आवर्ती गुणधर्मांवरचा क्रम लावण्याचा प्रश्न अकरावीच्या रसायनशास्त्रातला हमखास गुण मानला जातो. तरीही शिकवणीत वर्षानुवर्षे वह्या तपासताना माझी सर्वाधिक लाल शाई याच प्रश्नावर खर्च झाली आहे. चुकणारी मुले आळशी नसतात. त्यांतल्या बहुतेकांना बाण तोंडपाठ असतात: आवर्तात (आडव्या रांगेत) डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होते, गणात (उभ्या स्तंभात) वरून खाली येताना ती वाढते, आणि आयनीभवन ऊर्जेचे, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे, नेमके उलट असते. बाण बरोबर असूनही उत्तर चुकते, याचा अर्थ बिघाड बाणात नसून बाणापाशी पोहोचण्याच्या आधी किंवा बाण लागू पडेनासा झाल्यानंतर झालेला असतो. तो नेमका कुठे आहे हे न शोधता तोच तक्ता पुन्हा पाठ करायला लावला, की महिन्याभराने तीच चूक त्याच जागी परत येते.

लक्षणे

सर्वांत सौम्य लक्षण म्हणजे क्रम पूर्ण बरोबर, पण उलटा. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन या चौघांची अणुत्रिज्या चढत्या क्रमाने विचारली असता मूल कार्बनपासून सुरुवात करून फ्लोरिनपाशी थांबते, आणि खाली दिलेले कारण मात्र निर्दोष असते. दुसऱ्या प्रकारात अणूंचे प्रश्न बरोबर येतात आणि आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा मिळवलेले कण, आले की गाडी घसरते. सोडियम डावीकडे आहे म्हणून सोडियम आयन फ्लोराइडपेक्षा (फ्लोरिनच्या आयनापेक्षा) मोठा, असे ठामपणे लिहिलेले असते. तिसऱ्या प्रकारात विद्यार्थी एकाच प्रश्नाचे उत्तर दर खेपेला बदलतो, आणि ही जागा बहुतेकदा नायट्रोजन व ऑक्सिजन, बेरिलियम व बोरॉन किंवा फ्लोरिन व क्लोरिन या जोड्यांपाशी असते.

यांहून गंभीर असे एक लक्षण आहे आणि ते हुशार मुलांत अधिक दिसते. अपवाद शिकल्यानंतर ती मुले अपवाद सगळीकडे लावू लागतात. ‘अर्धपूर्ण ऑर्बिटलचे स्थैर्य’ (ऑर्बिटल म्हणजे कवचातला, फार तर दोन इलेक्ट्रॉन मावणारा कप्पा) हे शब्द अणुत्रिज्येच्या उत्तरात, विद्युतऋणतेच्या उत्तरात, एकदा तर द्रवणांकाच्या उत्तरातही मला सापडले. ज्या मुलाला अपवाद माहीतच नाहीत त्याला सुधारणे सोपे असते. अपवाद हा मंत्र झालेल्या मुलाला सुधारायला जास्त वेळ लागतो.

पुढच्या तपासण्या मी कमी वेळाच्या आणि कमी श्रमाच्या क्रमाने मांडल्या आहेत. पहिलीला अर्धा मिनिटही लागत नाही, शेवटचीला दोन-तीन दिवस लागू शकतात. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांपैकी बऱ्याच पहिल्या तीन तपासण्यांतच दुरुस्त होतात, त्यामुळे थेट अवघड कारणांकडे उडी मारू नये.

पहिली तपासणी: प्रश्न काय विचारतो

प्रश्नातल्या ‘चढता’ किंवा ‘उतरता’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करावा आणि क्रम लिहिण्याआधी दोन टोके लिहून घ्यावीत: सर्वांत लहान कोण आणि सर्वांत मोठा कोण. टोके बरोबर बसली की मधले सदस्य सहसा आपोआप बसतात, आणि उत्तर उलटे लिहिले जाण्याची शक्यता जवळजवळ संपते.

ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला विज्ञान शाखेत आलेल्या मुलांच्या बाबतीत ती फार महत्त्वाची ठरते. दहावीच्या पुस्तकात ज्याला ते गण म्हणत होते त्याला आता ग्रुप म्हणतात, आवर्ताचा पिरियड झालेला असतो, आणि ‘इन्क्रीझिंग’ व ‘डिक्रीझिंग’ हे शब्द घाईत वाचताना एकमेकांसारखे दिसतात. अशा मुलाला रसायनशास्त्र येत नसते असे नाही. ते डोक्यात मराठीत विचार करते आणि कागदावर इंग्रजीत उतरवते, आणि त्या वाटेत दिशा बदलते. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांतल्या संज्ञा समोरासमोर लिहून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी करायला लावतो.

दुसरी तपासणी: मूलद्रव्याची जागा

दिलेल्या प्रत्येक मूलद्रव्याचा अणुअंक आणि त्याचे इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन) समासात लिहावे, मग त्याचे आवर्त व गण नक्की करावे. नुसत्या आठवणीवर विसंबून जागा ठरवली की बोरॉन आणि बेरिलियम यांची अदलाबदल होते, किंवा पोटॅशियम तिसऱ्या आवर्तात जाऊन बसते.

जागा कळल्यावर मूलद्रव्ये एकाच रांगेत किंवा एकाच स्तंभात आहेत का, हे पाहावे. तशी नसतील तर एका वेळी एकच पायरी चालावी. पोटॅशियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि बोरॉन यांचा क्रम लावताना मॅग्नेशियमकडून ॲल्युमिनियमकडे उजवीकडे जावे, ॲल्युमिनियमकडून बोरॉनकडे वर जावे, आणि पोटॅशियमकडे सोडियमवरून खाली उतरावे. त्रिज्या पिकोमीटरमध्ये अनुक्रमे २३१, १६०, १४३ आणि ८८ आहेत, म्हणजे पायऱ्यांनी दिलेला क्रम बरोबर निघतो. वाट मात्र एकाच दिशेने परिणाम करणारी हवी. लिथियम आणि मॅग्नेशियम ही तिरकस जोडी घेतली तर एक पायरी उजवीकडे जाताना त्रिज्या घटते आणि एक पायरी खाली येताना वाढते. दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे बाण येथे निर्णय देऊ शकत नाही. लिथियमची त्रिज्या १५२ आणि मॅग्नेशियमची १६० पिकोमीटर आहे, हे मोजलेल्या आकड्यावरूनच सांगावे लागते. तिरकस जोडीवर बाण वापरून लिहिलेले उत्तर बरोबर आले तरी मी त्याखाली प्रश्नचिन्ह काढतो.

तिसरी तपासणी: अणू आहे की आयन

आवर्तसारणीतला बाण उदासीन अणूंसाठी आहे. प्रश्नात धन किंवा ऋण चिन्ह दिसले की बाण बाजूला ठेवावा आणि प्रत्येक कणातले इलेक्ट्रॉन मोजावेत. नायट्राइड, ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांच्या आयनांत प्रत्येकी १० इलेक्ट्रॉन असतात, परंतु केंद्रकातले प्रोटॉन अनुक्रमे ७, ८, ९, ११, १२ आणि १३ असतात. तेवढ्याच इलेक्ट्रॉनांना जास्त प्रोटॉन ओढत असतील तर ढग आकसणार. म्हणून या सहा जणांत नायट्राइड सर्वांत मोठा आणि ॲल्युमिनियम आयन सर्वांत लहान असतो.

अणूचा आयन होताना किती मोठा फरक पडतो याची कल्पना नसल्यामुळे ही चूक टिकून राहते. सोडियम अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर आहे. बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन गेला की तिसरे कवचच रिकामे होते आणि उरलेला आयन सुमारे १०२ पिकोमीटरचा राहतो. फ्लोरिन अणू ६४ पिकोमीटरचा आहे, पण एक इलेक्ट्रॉन जास्त आला की इलेक्ट्रॉनांतले परस्पर अपसारण वाढून फ्लोराइड १३३ पिकोमीटरवर पोहोचतो. अणू असताना जो मोठा होता तो आयन झाल्यावर लहान ठरला. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले की बहुतेक मुलांना पुन्हा सांगावे लागत नाही.

चौथी तपासणी: गुणधर्म नेमका कोणता

विद्युतऋणता आणि इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी यांची सरमिसळ ही इथली नेहमीची चूक आहे. विद्युतऋणता म्हणजे बंधात असलेल्या अणूची सामायिक इलेक्ट्रॉनांवरची ओढ. पॉलिंगच्या मापनश्रेणीवर तिचे सर्वोच्च मूल्य फ्लोरिनचे, ३.९८ आहे. इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी म्हणजे वायुरूप, एकट्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळताना होणारा ऊर्जाबदल, आणि ऊर्जा बाहेर पडत असेल तर त्याचे चिन्ह ऋण असते. फ्लोरिनसाठी तो प्रतिमोल −३२८ किलोज्यूल आणि क्लोरिनसाठी −३४९ किलोज्यूल आहे, म्हणजे या शर्यतीत क्लोरिन पुढे आहे. फ्लोरिनचे दुसरे कवच इतके लहान आहे की नव्याने येणाऱ्या इलेक्ट्रॉनाला आधीच्या सातांच्या दाटीत शिरावे लागते, आणि अपसारणामुळे काही ऊर्जा वाया जाते. ऑक्सिजन आणि गंधक यांच्यातही हाच प्रकार दिसतो: −१४१ आणि −२००.

चिन्हाची अडचण वेगळी आहे. गणिताच्या तासाला −३४९ हा −३२८ पेक्षा लहान असतो, आणि रसायनशास्त्राच्या तासाला ‘अधिक ऋण’ म्हणजे अधिक ऊर्जा बाहेर पडणे असते. मुलाने यांपैकी कोणता अर्थ धरला आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. उत्तरात ‘जास्त’ किंवा ‘कमी’ न लिहिता ‘अधिक ऋण’ आणि ‘कमी ऋण’ असेच लिहिण्याची सवय लावावी, म्हणजे दोन अर्थांना जागाच उरत नाही.

रासायनिक क्रियाशीलता आणि द्रवणांक यांच्यासाठी एकच एक बाण नसतो, हेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे. अल्क धातूंचे द्रवणांक गणात खाली उतरताना घटतात: लिथियम १८०.५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि सीझियम २८.५ अंशांना. हॅलोजनांत ते वाढतात: फ्लोरिन सुमारे −२२० अंश, आयोडीन ११४ अंश. पहिल्या गणात धातूबंध सैल होत जातो, सतराव्या गणात मोठ्या रेणूंमधले आकर्षण वाढत जाते. बंध वेगळे, म्हणून दिशा वेगळी.

पाचवी तपासणी: ओढ आणि अंतर

इथपर्यंतच्या तपासण्यांनी चूक सापडली नाही, तर मुलाला बाण माहीत आहे पण बाण का आहे हे माहीत नाही असे समजावे. माझ्या मते हीच खरी दुरुस्तीची जागा आहे, आणि इथे मी घाई करत नाही.

सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने दोनच गोष्टी महत्त्वाच्या असतात: केंद्रक त्याला किती जोराने ओढते आणि तो केंद्रकापासून किती लांब आहे. केंद्रकाचा संपूर्ण प्रभार त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण मधले इलेक्ट्रॉन आडोसा करतात. या आडोशाला शिल्डिंग म्हणतात आणि आडोसा वजा करून उरणाऱ्या प्रभाराला प्रभावी केंद्रकीय प्रभार म्हणतात. जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये तो अंदाजाने काढण्याचे सोपे नियम दिले. एस आणि पी ऑर्बिटलमधल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनासाठी त्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ इतका, लगतच्या आतल्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ इतका आणि त्याहून आतला प्रत्येक इलेक्ट्रॉन पूर्ण १ इतका आडोसा करतो. फक्त पहिल्या कवचाच्या बाबतीत सोबत्याचा आडोसा ०.३० धरतात.

हे गणित मुलाकडून हाताने करून घ्यावे. लिथियममध्ये ३ प्रोटॉन आणि आतले दोन इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला ३ वजा १.७, म्हणजे १.३ इतकी ओढ जाणवते. फ्लोरिनमध्ये ९ प्रोटॉन आहेत. सोबतचे सहा इलेक्ट्रॉन २.१ आणि आतले दोन १.७ इतका आडोसा करतात, म्हणून ९ वजा ३.८, म्हणजे ५.२ उरतात. कवच तेच, ओढ चौपट. आवर्तात उजवीकडे जाताना अणू का आकसतो हे आता घोकावे लागत नाही, कारण सोबत्यांचा आडोसा वाढत्या प्रभाराला पुरा पडत नाही हे वहीतच दिसते.

मग सोडियम आणि पोटॅशियम घ्यावेत. सोडियमसाठी ११ वजा ८.८ म्हणजे २.२ येतात, आणि पोटॅशियमसाठी १९ वजा १६.८ म्हणजेसुद्धा २.२ येतात. मुले या ठिकाणी हमखास गोंधळतात आणि मला तो गोंधळ हवाच असतो. ओढणारा प्रभार सारखाच असेल तर पोटॅशियम मोठे का? कारण त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात, जास्त अंतरावर आहे. म्हणून त्याची त्रिज्या १८६ ऐवजी २३१ पिकोमीटर होते आणि आयनीभवन ऊर्जा प्रतिमोल ४९६ वरून ४१९ किलोज्यूलवर उतरते. आडव्या बाणामागे प्रामुख्याने ओढ असते आणि उभ्या बाणामागे प्रामुख्याने अंतर असते, हे ज्याने स्वतः आकडे मांडून पाहिले त्याचे बाण पुन्हा उलटल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

स्लेटरचे नियम ढोबळ आहेत. त्यांनी दिशा कळते, अचूक मूल्य कळत नाही, आणि बेरिलियम-बोरॉन किंवा नायट्रोजन-ऑक्सिजनसारखी बारीक उलथापालथ तर त्यांना दिसतच नाही, कारण एस आणि पी यांना ते एकाच गटात धरतात आणि एका ऑर्बिटलातल्या जोडीचा वेगळा हिशेब करत नाहीत. म्हणून पुढची तपासणी वेगळी ठेवावी लागते.

सहावी तपासणी: आयनीभवन ऊर्जेतले खाचखळगे

दुसऱ्या आवर्तातल्या पहिल्या आयनीभवन ऊर्जा किलोज्यूल प्रतिमोलमध्ये अशा आहेत: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन सुमारे २०८०. हे आकडे आलेख कागदावर बिंदूंनी मांडायला सांगावे. चढत्या रेषेत दोन खड्डे दिसतात, बोरॉनपाशी आणि ऑक्सिजनपाशी, आणि त्या दोन खड्ड्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

बोरॉनचा जाणारा इलेक्ट्रॉन २पी ऑर्बिटलमधला असतो. बेरिलियमच्या २एस इलेक्ट्रॉनापेक्षा तो केंद्रकाजवळ कमी वेळ असतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा त्याला अधिक लागतो, म्हणून तो लवकर सुटतो. ऑक्सिजनचे कारण जोडीचे आहे. नायट्रोजनमध्ये तीन २पी ऑर्बिटलांत एकेक इलेक्ट्रॉन असतो. ऑक्सिजनमध्ये चौथा आला की एका ऑर्बिटलात दोघांना राहावे लागते आणि त्यांच्या परस्पर अपसारणामुळे त्यांतला एक काढणे सोपे जाते. पुस्तके याला अर्धपूर्ण ऑर्बिटलचे स्थैर्य म्हणतात. शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांतून नायट्रोजनमध्ये काहीतरी विशेष शक्ती असल्याचा समज होतो आणि तो समज मुले जिकडेतिकडे नेतात. ऑक्सिजनमध्ये जोडीची अडचण आहे, असे शिकवले की अपवाद आपल्या जागीच राहतो. तिसऱ्या आवर्तातही मॅग्नेशियमनंतर ॲल्युमिनियम ७३८ वरून ५७८ वर उतरतो आणि फॉस्फरसनंतर गंधक १०१२ वरून १००० वर.

दुरुस्ती टिकली आहे की नाही हे पाहण्यासाठी मी दुसरी आयनीभवन ऊर्जा विचारतो. आता प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन आधीच गेलेला आहे, म्हणून ऑक्सिजनचा आयन नायट्रोजन अणूसारखा दिसतो आणि फ्लोरिनचा आयन ऑक्सिजन अणूसारखा. जोडीचा खड्डा एक घर उजवीकडे सरकायला हवा, आणि तो सरकतोही: कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, ऑक्सिजन ३३८८, फ्लोरिन ३३७४. ज्या मुलाने ‘नायट्रोजन अपवाद’ एवढेच पाठ केले असेल ते येथे थांबते. ज्याला कारण कळले असेल ते आकडे न पाहता फ्लोरिनवर बोट ठेवते. हा प्रश्न तोंडी विचारावा, लेखी नको, कारण मूल विचार कसा करते ते ऐकण्यातच या चाचणीचा उपयोग आहे.

अणुत्रिज्येच्या क्रमात हे खड्डे दिसत नाहीत, याची आठवण इथेच द्यावी. नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६, फ्लोरिन ६४ असा तो उतार सरळ आहे. निऑनचा आकडा मात्र यात मिसळू नये. त्याचे बंध नसल्यामुळे सुमारे १५४ पिकोमीटर ही जी त्रिज्या दिलेली असते ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या, म्हणजे बंध नसलेल्या शेजारी अणूंमधल्या अंतरावरून काढलेली त्रिज्या आहे, आणि ती बंधाने जोडलेल्या अणूंवरून काढलेल्या सहसंयुज त्रिज्येशी तोलणे म्हणजे हातभर दोरी आणि वीतभर दोरी एकाच मापाची समजणे होय.

सातवी तपासणी: मधल्या खंडांचा परिणाम

ॲल्युमिनियमच्या खाली गॅलियम आहे, म्हणून गॅलियम मोठे, असे लिहिणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने नियम प्रामाणिकपणे लावलेला असतो. परंतु ॲल्युमिनियम १४३ पिकोमीटरचा आहे आणि गॅलियम १३५ चा. मधे स्कँडियमपासून जस्तापर्यंत डी-खंडातली, म्हणजे डी ऑर्बिटल भरत जाणारी, दहा मूलद्रव्ये येऊन गेली आहेत. केंद्रकात दहा प्रोटॉन वाढले, पण डी इलेक्ट्रॉनांचा आडोसा दुबळा असल्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनावरची ओढ वाढली. स्लेटरच्या नियमांनी हे पडताळता येते: ॲल्युमिनियमसाठी ३.५ आणि गॅलियमसाठी ५.० येतात. सोडियम-पोटॅशियमला जसे दोन्हीकडे सारखे उत्तर आले होते तसे येथे येत नाही, आणि फरक नेमका तेवढाच आहे.

या जागेबद्दल मला विशेष आस्था आहे. १८७१ मध्ये मेंडेलीव्ह यांनी ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या घरात एका अज्ञात मूलद्रव्याचे वर्णन लिहून ठेवले होते. १८७५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडले तेव्हा त्यांनी मोजलेली घनता ४.७ होती, आणि ती ५.९ च्या आसपास असायला हवी असे मेंडेलीव्ह यांनी कळवले. अधिक शुद्ध नमुन्यावर पुन्हा मोजल्यावर ५.९ हाच आकडा आला. आवर्तसारणीने आपले सामर्थ्य जिथे सिद्ध केले त्याच घरात त्रिज्येचा सरळ बाण मोडतो, हे मुलांना सांगितले की गॅलियम त्यांच्या कायमचे लक्षात राहते.

हेच एफ-खंडात आणखी ठळकपणे घडते. झिर्कोनियम १६० पिकोमीटर आणि त्याखालचे हाफ्नियम १५९ पिकोमीटर. मधल्या चौदा ४एफ इलेक्ट्रॉनांचा आडोसा अपुरा पडल्यामुळे एका संपूर्ण कवचाची वाढ जवळजवळ पुसली जाते. याला लँथनाइड आकुंचन म्हणतात. दोघांचे रसायनशास्त्र इतके सारखे आहे की झिर्कोनियमच्या खनिजांत लपलेले हाफ्नियम १९२३ मध्ये कोपनहेगनला क्ष-किरणांच्या साहाय्याने ओळखावे लागले.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

काही प्रश्न या तपासण्यांनी सुटत नाहीत आणि ते घरी सोडवायचा हट्ट धरू नये. फ्लोराइड आणि पोटॅशियम आयन यांत मोठा कोण, हा प्रश्न मला एकदा एका मुलीने विचारला होता. दोघांतले इलेक्ट्रॉन सारखे नाहीत आणि कवचेही सारखी नाहीत, म्हणून तर्क निर्णय देत नाही. पॉलिंगच्या कोष्टकात फ्लोराइड १३६ आणि पोटॅशियम आयन १३३ आहे, तर शॅननच्या कोष्टकात फ्लोराइड १३३ आणि पोटॅशियम आयन १३८ आहे. स्फटिकात मोजता येते ते दोन केंद्रकांमधले अंतर. त्यातला किती वाटा कोणत्या आयनाचा, हे प्रत्येक कोष्टककर्त्याने आपल्या पद्धतीने ठरवलेले असते. दोन पुस्तकांतले क्रम जुळत नसतील तर आकडे एकत्र करू नयेत. दोन्ही पाने घेऊन महाविद्यालयातल्या विषयशिक्षकांकडे जावे आणि परीक्षेसाठी कोणते कोष्टक धरायचे ते त्यांनाच विचारावे. उत्तरसूचीवर हरकत घ्यायची असेल तेव्हा तर हे आधी केलेच पाहिजे.

तांबे, चांदी आणि सोने यांच्या आयनीभवन ऊर्जा ७४५, ७३१ आणि ८९० आहेत. सोन्यापाशी ती एवढी का उसळते, सोने पिवळे का आणि पारा नेहमीच्या तापमानाला द्रव का, या प्रश्नांच्या मुळाशी लँथनाइड आकुंचनाबरोबर सापेक्षतेचा परिणाम आहे, कारण सोन्याचे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरत असल्यासारखे वागतात. अकरावीच्या पातळीवर एवढेच सांगून थांबावे. त्यापुढचे गणित पदव्युत्तर वर्गाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे काम आहे, आणि अर्धवट समजावून दिलेला सापेक्षतावाद हा अर्धपूर्ण ऑर्बिटलसारखाच आणखी एक मंत्र होऊन बसतो.

अणुअंक ३६ पर्यंतचे इलेक्ट्रॉन संरूपण न पाहता लिहिता येत नसेल तर बिघाड या प्रकरणात नाही, तो अणुरचनेच्या प्रकरणात आहे. आवर्ती गुणधर्म तिथेच थांबवून शिक्षकांकडून ते प्रकरण पुन्हा शिकून घ्यावे. आणि एखादे मूल फक्त रसायनशास्त्रातच नाही, तर सगळ्याच विषयांत डावे-उजवे, मोठे-लहान आणि अंकांचा क्रम सातत्याने उलटा करत असेल, उत्तरामागचे कारण तोंडी बरोबर सांगूनही उत्तर कागदावर उलटे उतरवत असेल, तर त्याला आणखी सराव देणे थांबवावे. अशा वेळी शाळेच्या समुपदेशकांमार्फत अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यावी. निदान झाले तर मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि ज्या मुलाला वर्षानुवर्षे निष्काळजी म्हटले गेले त्याला योग्य मदतही मिळते. पालकांना हे सांगणे अवघड जाते, पण मी ते सांगतो.

शिक्षकांकडे जाताना फक्त चुकलेली उत्तरे नेऊ नयेत. प्रत्येक उत्तराखाली तेव्हा मनात आलेले कारण, ते चुकीचे वाटत असले तरी, न खोडता लिहिलेली वही न्यावी. उत्तरावरून चूक झाली एवढेच कळते. ती सातांपैकी कोणत्या जागी झाली हे त्या खालच्या ओळीवरून कळते.